बिनमर्माचा राक्षस

“...पण मर्म नसलं तर बिघडतं काय, तेवढंच सांगा.”

सोमगिरीबुवांनी उत्तर दिलं नाही. तपकिरीची चिमूट नाकापर्यंत नेली, तिथंच थांबवली, पुन्हा डबीत टाकली.

“तिसऱ्यांदा विचारतोय, बुवा.”

“ऐकतोय की.”

“मग बोला.”

“...”

हे बुवांचं नेहमीचं. प्रश्न अंगावर आला की गप्प बसायचं. समोरचा बोलून बोलून दमला की लोक म्हणायचे, बघा, केवढी शांती! प्रज्योत मगदूमला ही शांती चांगली ओळखीची होती. कॉलेजात विभागप्रमुखांकडे होती, घरी बापाकडे होती. म्हाताऱ्या माणसांना उत्तर सुचेना झालं की ती शांत होतात, आणि वर त्या शांतीच्या पाया पडायला लावतात.

तो तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून आला होता. लोक म्हणायचे, पोरगं पळून आलं. तो म्हणायचा, थुंकून आलो.

कृष्णेच्या काठावर अंकुळगावचा हा गोसाव्यांचा मठ. पूर्वी इथले गोसावी हत्यारं बाळगायचे, लढायचे. लढाया संपल्या, तलवारी गंजल्या, तेव्हा कुण्या एका गोसाव्यानं मातीची फौज केली आणि पंगतीच्या दालनात वाळूचा पट मांडला, अशी गावात गोष्ट सांगतात. खरंखोटं देव जाणे. पट मात्र होता. बारा हात लांब फळी, तिच्यावर नदीची वाळू, वाळूत टेकड्या, ओढे, आणि बोटाएवढी माणसं. भालेवाले, धनुष्यवाले, ढालवाले. शिवाय वेताळ, यक्ष, दोन तोंडांचे पक्षी. दर रविवारी दुपारी गावातली, आसपासची दहाबारा माणसं यायची आणि दोघं दोघं समोरासमोर बसून लढाया खेळायची.

खेळाची वही होती. लाल कापडात बांधलेली, तीनचार पिढ्यांच्या हस्ताक्षरांची. पुढून उघडली की बत्तीस सक्तीचे नियम. मागून उघडली की एकोणीस ऐच्छिक.

सक्तीचे कुणाला विचारून लागत नसत. ऐच्छिकाचं तसं नव्हतं. डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनी उजव्या हाताची बोटं वाळूत खुपसायची, एकेका नियमाचं नाव घ्यायचं, आणि दोघांनीही ‘मान्य’ म्हटलं तरच तो नियम त्या डावात यायचा. एक जरी ‘नको’ म्हणाला तरी तो नियम त्या दिवसापुरता मेला.

राक्षस आणणं हे ऐच्छिकच. राक्षस आणायचा असेल तर आपली निम्मी फौज घरी ठेवायची. त्याला बळ किती, चाल किती, वर कोणता, हे आणणाऱ्यानं ठरवायचं. पण त्याच्या मागोमाग सातवा ऐच्छिक नियम होता, मर्माचा. राक्षस तू घडव, त्याचं मर्म समोरचा ठरवणार. तो चिठ्ठीवर लिहिणार, टाच म्हणून, बेंबी म्हणून, डावा डोळा म्हणून. तिथं घाव बसला की राक्षस मेला.

प्रज्योतनं दोन महिने खपून राक्षस केला होता. तारेचा सांगाडा, वर शाडू. रेड्याचं धड, खेकड्याच्या नांग्या. त्याला टाच नव्हती, बेंबी नव्हती. डोळे ठेवले की कुणीतरी डोळ्यात बाण मारणार, म्हणून डोळेही नव्हते. नाव ठेवलं कालांतक. पोरं त्याला आंधळा म्हणायची.

पहिल्याच रविवारी त्यानं मर्माच्या नियमाला ‘नको’ म्हटलं होतं. समोर फारुख मुजावर होता. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, मठात पहिल्यांदा आले तेही एकाच सायकलवरून.

“मर्म नको, तर मग राक्षसच नको,” फारुख म्हणाला होता.

“का? भ्यालास?”

“भ्यायचं काय त्यात...”

“मग म्हण मान्य.”

सगळे बघत होते. फारुख मान्य म्हणाला.

मग चौथा ऐच्छिक आला, पळाचा. राक्षस एका वितीवर आला की त्या टोळीनं फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर उभं राहायचं, कमी पडले तर पळून पटाबाहेर जायचं. फारुखला तो हवा होता. प्रज्योतनं ‘नको’ म्हटलं, आणि हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, “पळ लागतोच रे तुला. पुण्याची नोकरी पंधरा दिवसांत सोडून आलास ना? रक्तातच आहे तुझ्या.”

लोक हसले. हसायची गोष्ट नव्हती, पण हसले. कणसे गुरुजीही हसले. चाळीस वर्षं पोरांची बोटं पट्टीनं फोडलेला म्हातारा. पुढच्या रविवारी आंधळ्यासमोर स्वतः बसला, तेव्हा रडायच्या बेताला आला होता.

असे सात रविवार. एकेका दुपारी दोनदोन डाव, आणि प्रज्योत सगळे जिंकला. बुवा खांबाला टेकून बसलेले असायचे. एकदाही तोंडातून शब्द काढला नाही.

आज आठवा रविवार. उन्हं दालनात अर्ध्यापर्यंत आली होती. पट मांडलेला होता. सतरंज्या पसरलेल्या होत्या. माठ भरलेला होता.

कुणी आलं नव्हतं.

“येतील,” प्रज्योत मघाशी म्हणाला होता.

“तीन वाजून गेले,” बुवा म्हणाले होते.

त्यावरूनच हे सुरू झालं. पण प्रज्योत आज त्यासाठी आला नव्हता. त्याला वही हवी होती.

बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वही आता त्यांना वाचता येत नव्हती. येत्या दसऱ्याला ती कुणाच्या तरी हाती द्यायची, असं त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. वही ज्याच्याकडे, पट त्याचा. तंटा पडला तर तो सोडवणार, नवीन आलेल्याला तो शिकवणार, रविवारी दालनाचं कुलूप तो उघडणार. डिग्रीचा कागद प्रज्योतनं स्वतःच्या हातानं सोडला होता. घरी बाप ताटावर बसला की म्हणायचा, “तुझ्या हातून एक गोष्ट पुरी झालेली दाखव.” ही एक गोष्ट होती. बाकी काहीही नव्हतं.

“सगळ्यांना हरवलंय मी,” तो म्हणाला. “वहीवर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे?”

“कुणाचा नाही.”

“मग द्या.”

“सगळ्यांना कुठं हरवलंस?”

“कोण राहिलं?”

बुवांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

प्रज्योतला हसू आलं. “तुम्हाला फळीची कड दिसत नाही, बुवा.”

“मग सोपंच आहे की. बस.”

“आणि जिंकलो तर?”

“वही तुझी. दसऱ्याची वाट कशाला बघायची?”

प्रज्योत बसला. आंधळा पिशवीतून काढून त्यानं वाळूवर ठेवला. वजनानं तो जरासा रुतला. मागे त्याची वीस माणसं. समोर बुवांची चाळीस, पाचापाचाच्या आठ टोळ्या. बुवांनी त्या चाचपून चाचपून मांडल्या. प्रत्येकाच्या डोक्यावरून बोट फिरवलं, तोंड कुठं आहे बघितलं, समोर वळवलं.

दोघांनी बोटं वाळूत खुपसली.

“राक्षस,” प्रज्योत म्हणाला.

“मान्य.”

“मर्म... नको.”

त्याला वाटलं, आता म्हातारा बोलेल. आता प्रवचन येईल. त्याची उत्तरं तयार होती, आठवडाभर घोटून ठेवलेली.

“बरं,” बुवा म्हणाले.

“पळ नको.”

“बरं.”

“राक्षसाचा घाव फाशाविना. समोर आला तो मेला.”

“मान्य.”

“तुम्हाला काही मागायचंय का?”

“मला काय मागायचंय...” बुवांनी वाळूतून हात काढला, धोतराला पुसला. “चाल कर.”

प्रज्योतला हे आवडलं नाही. दार ढकलायला अंगातलं सगळं बळ लावावं आणि ते नुसतं लोटलेलंच निघावं, तसं झालं. पण त्यानं चाल केली. आंधळ्याची चाल दोन विती. तिसऱ्या चालीला तो बुवांच्या पहिल्या टोळीपासून एका वितीवर आला.

“कितीवर आहे?” बुवांनी विचारलं.

“एक वीत.”

बुवांनी फासा उचलला. लाकडी, जुना, टिंबं खोल कोरलेली. टाकला.

“किती पडले?”

“दोन. पण कशाला टाकला?”

बुवांनी पहिल्या टोळीतली पाच माणसं एकेक करून उचलली. मेलेली माणसं लाकडी पेटीत टाकायची रीत होती. पळालेली नदीकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. बुवांनी ती कट्ट्यावर नेऊन ठेवली. नदीकडे तोंड करून, पटाकडे पाठ.

“बुवा, पळ नाही ठरलाय. तुम्हीच बरं म्हणालात.”

“तुझ्यासाठी नाही ठरला.”

“म्हणजे?”

“मी माझ्यासाठी घेतलाय.”

“असं चालत नाही!”

“वही बघ.”

प्रज्योतनं वही ओढली, मागून उघडली. ऐच्छिक नियम दोघांच्या मान्यतेनं लागतो, असं होतं. पण लागतो म्हणजे दोघांवर. आपण होऊन आपल्यावरच लावून घेतला तर? त्यानं पानं उलटली. पुन्हा उलटली. कुठंही मनाई नव्हती. असं कुणी करील हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

“ज्यात आपलंच जातं,” बुवा म्हणाले, “त्याला दुसऱ्याचं मान्य कशाला?”

“हराल.”

“हो.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम कशाला? फासा सांगेल तसं. चाल कर.”

दुसरी टोळी. तीन पडले. पाच माणसं कट्ट्यावर.

तिसरी टोळी. एक पडला. पाच माणसं कट्ट्यावर.

आंधळा मोकळ्या वाळूतून पुढं सरकत होता. मागे त्याच्या ओढल्याची खूण उमटत होती, नांगर गेल्यासारखी. प्रज्योतची वीस माणसं जिथल्या तिथं उभी होती. त्यांना कामच नव्हतं.

चौथ्या टोळीला पाच पडले.

“थांबली,” प्रज्योत म्हणाला. त्याच्या आवाजात जीव आला. “ही थांबली, बुवा.”

“थांबली तर थांबली.”

पुढच्या चालीला त्यानं आंधळा वर उचलला आणि खाली आणला. पाच माणसं आडवी झाली. एकाचा भाला मोडला. प्रज्योतच्या हातात तो ओळखीचा झणका आला, सात रविवार आलेला. चला, एकदाचा खेळ सुरू झाला. त्यानं मेलेली माणसं पेटीत टाकली. त्यांचा आवाज झाला.

एरवी या आवाजावर कुणीतरी हळहळायचं. कुणीतरी “अरारा” करायचं. फारुख डोक्याला हात लावायचा, नाटकी, मोठ्यानं, आणि मग सगळे हसायचे. आज आवाज झाला आणि दालनातच विरला.

पाचवी टोळी. चार पडले. कट्ट्यावर.

सहावी. दोन. कट्ट्यावर.

“तुम्ही खेळतच नाही आहात,” प्रज्योत म्हणाला.

“खेळतोय की.”

“याला खेळ म्हणतात? मी यायचं आणि तुम्ही उचलून ठेवायचं? भांडी आवरल्यासारखं?”

“मग काय करू?”

“लढा!”

“कशाशी?”

प्रज्योतनं आंधळ्याकडे बघितलं.

“घाव कुठं घालू, ते सांग,” बुवा म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. खरोखर विचारल्यासारखं विचारलं. “तू म्हणशील तिथं घालतो. टाच आहे?”

“नाही.”

“डोळे?”

“...नाहीत.”

“मग त्यांनी काय करावं?” बुवांनी कट्ट्याकडे हात केला. “घरी बायकापोरं असतील त्यांची.”

“मातीची आहेत ती!”

“हां. ही मातीची आहेत.”

उन्हं फळीवर चढली होती. बाहेर नदीत कुणीतरी म्हशी धूत होतं, त्यांना ओरडत होतं. प्रज्योतची नजर एकदा दाराकडे गेली. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर चपलांचा एकच जोड होता, त्याचा.

तो आंधळ्याला पुढं सरकवायला लागला. हळू. एक वीत कमीच सरकवला असता, पण चाल पूर्ण करायची हा सक्तीचा नियम.

सातवी टोळी. ढालवाले. बुवांनी फासा टाकला. तो घरंगळत प्रज्योतच्या बाजूला आला, त्याच्या गुडघ्यापाशी फळीच्या कडेला थांबला.

“किती?”

प्रज्योतनं बघितलं. दोन.

“पाच,” तो म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. का निघालं, त्यालाही कळलं नाही. सात रविवारांत त्यानं फासा कधी खोटा सांगितला नव्हता. टोचून बोलला, लाजवलं, रडवलं, सगळं केलं. खोटं केलं नव्हतं. आणि आज केलं ते जिंकायला नाही. जिंकलेलाच होता. त्याला ती पाच माणसं तिथं उभी राहायला हवी होती.

बुवांनी हात पुढं केला. फळीवरून चाचपत आणला. प्रज्योतनं फासा झाकला नाही, उलटाही केला नाही. बुवांचं बोट फाशावर आलं. पहिल्या टिंबात टेकलं. दुसऱ्या टिंबात टेकलं. आणखी कुठं टेकायला जागा नव्हती.

“दोन आहेत,” बुवा म्हणाले.

बुवांनी फासा उचलून घेतला.

“होतं असं. उजेड पडतो फाशावर.”

त्यांनी पाच माणसं उचलली. कट्ट्यापर्यंत गेले, ठेवली, परत आले. जाता-येता गुडघे वाजले. प्रज्योत खाली बघत होता. त्याचे कान तापले होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण म्हातारे तेवढीसुद्धा दया करत नाहीत.

आठवी टोळी राहिली. शेवटची. तिच्यात चार भालेवाले आणि एक शिंगवाला. शिंग तोंडाला लावलेला, गाल फुगवलेला. कुणी केला होता कोण जाणे; मातीचे एवढेसे गाल, पण फुगलेले.

“आला का वितीवर?”

“आला.”

फासा पडला. या वेळी बुवांच्याच बाजूला. त्यांनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

“सहा.”

“म्हणजे थांबली.”

“थांबली.”

प्रज्योतनं आंधळा उचलला. उचललेला तसाच हातात राहिला. वजन होतं त्याला, शाडूचं, तारेचं, दोन महिन्यांच्या जागरणांचं. मनगट दुखायला लागलं.

“मारू का?” त्यानं विचारलं.

“मला काय विचारतोस?”

“तुम्ही म्हणालात तर... आताही मर्माला मान्य म्हणता येईल.”

“डाव सुरू झाल्यावर?” बुवांनी मान हलवली. “बोटं वाळूत असतात तेव्हाच म्हणायचं असतं ते.”

“दोघांची हरकत नसेल तर काय बिघडतं?”

“सक्तीचा आहे. एकोणतिसावा. बघ.”

बघायची गरज नव्हती. त्याला बत्तीसही पाठ होते. राक्षस समोरच्याला सोडत नाही, हाही त्यातलाच.

त्यानं आंधळा खाली आणला. शिंगवाला मधून मोडला.

पटावर आता बुवांचं कुणी नव्हतं. ज्याची माणसं पटावर उरली तो जिंकला. प्रज्योतची वीसच्या वीस उरली होती. एकाच्याही अंगाला वाळू लागली नव्हती.

“जिंकलास,” बुवा म्हणाले.

त्यांनी वही लाल कापडात बांधली. गाठ मारली, सोडली, नीट मारली. दोन्ही हातांनी पुढं केली.

प्रज्योतनं घेतली. वही हलकी होती. इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“पाया पडू का?”

“नको. जिंकून घेतलेल्याला पाया पडायचं नसतं.”

बुवा माणसं आवरायला लागले. कट्ट्यावरची तीस त्यांनी तशीच ठेवली, पेटीतली दहा काढून मोडलेली वेगळी केली. प्रज्योत वही छातीशी धरून उभा होता. रागाला वाट हवी होती. रागाला एकच वाट माहीत होती.

“तुम्ही गप्प का राहिलात?”

“कधी?”

“सात रविवार! फारुखला बोललो तेव्हा तुम्ही तिथं होतात. त्या खांबाला टेकून. गुरुजींचे हात थरथरत होते ते तुम्हाला दिसलं नाही म्हणता येईल, पण माझं बोलणं तर ऐकू येत होतं ना? एक शब्द बोलला असतात. ‘प्रज्योत, पुरे’ एवढंच. तुमचं ऐकलं असतं मी.”

“ऐकलं असतंस?”

“...नसतं ऐकलं. तरी बोलायला हवं होतं!”

“हो.”

“हो काय?”

“बोलायला हवं होतं.”

आजवर कुठल्याही म्हाताऱ्यानं त्याला हो म्हटलं नव्हतं.

“मग का नाही बोललात?”

बुवांनी शिंगवाल्याचे दोन तुकडे जुळवून बघितले. जुळले नाहीत. मधली माती गेली होती.

“भ्यालो,” ते म्हणाले.

“मला?”

“तू निघून गेला असतास. मग या वहीला कोण होतं?” त्यांनी तुकडे कट्ट्यावर ठेवले. “तुला राखायला बाकीच्यांना जाऊ दिलं. म्हाताऱ्या माणसाचा हिशेब असाच वाकडा. आता कळून काय उपयोग...”

शिव्या द्यायला आलेल्या माणसाला समोरच्यानं आधीच सगळ्या मोजून दिल्या, तर हातात काय उरतं? तो सतरंजीवर बसला. त्याच्याशेजारी वही. पटावर आंधळा, नांग्या उगारलेला. समोर कुणी नाही.

“मी जाईन फारुखकडे,” तो म्हणाला. “आजच जाईन. सांगेन, वही आता माझ्याकडे आहे. मर्माचा नियम सक्तीचा करून टाकतो. पळही. पुढच्या पानावर लिहून टाकतो, बत्तीसाचे चौतीस.”

बुवा मोडलेली माणसं वेगळी करत राहिले.

“चालेल ना?”

“तुझी वही.”

“तुमच्या गुरूंनी तुम्हाला कशी दिली होती?”

बुवांचा हात थांबला.

“निरंजनगिरींनी? दिली नाही. मी जिंकून घेतली. असाच पट होता. तुझ्याच वयाचा होतो. माझ्या राक्षसाला तीन तोंडं होती.”

“...मर्म?”

“नको म्हणालो होतो.”

दालनात माशी घोंगावत होती. प्रज्योतनं बुवांकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होता. पांढरट डोळे, तपकिरीनं पिवळ्या झालेल्या मिशा, धोतराला वाळू.

“आणि तेव्हाची माणसं?” त्यानं विचारलं. “ती पण अशीच...?”

“गेली. पाचसहा रविवारांत सगळी गेली.”

“पण मग परत आली. आली ना? हे दालन भरलेलं बघितलंय मी. दोन वर्षांपूर्वी आलो तेव्हा पटाभोवती बसायला जागा नव्हती.” तो गुडघ्यावर आला. “काय केलंत तुम्ही? घरी गेलात? माफी मागितलीत? राक्षस फोडलात?”

“सगळं केलं.”

“मग किती दिवसांनी आली ती?”

बुवा खिडकीशी उभे होते. कट्ट्यावरच्या तीस पाठींवरून त्यांनी सावकाश हात फिरवला, सगळी आहेत का बघत असल्यासारखा.

“ती नाही आली, लेका... तू घालवलीस ती दुसरी.”